मोठ्यानं बोलत चला

सदर इसमाचे पूर्ण नाव महेंद्र म्हाळू ओव्हाळ. राहणार शिरूर, जिल्हा पुणे. वय शाळेच्या दाखल्याप्रमाणे सत्तेचाळीस, आईच्या म्हणण्याप्रमाणे थोडं इकडंतिकडं. उंची मध्यम, वर्ण सावळा, ओळखीची खूण डाव्या भुवईवर जुना व्रण. हुद्दा वाहतूक नियंत्रक, एसटी स्टँड. कर्तव्ये: गाड्यांच्या येण्याजाण्याची नोंद ठेवणे, चालक-वाहकांची गाऱ्हाणी ऐकून घेणे आणि ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना गाड्यांची माहिती देणे. व्यसने: चहा वगळता निरंक. शिस्तभंगाची कारवाई: निरंक. स्वभाव: मितभाषी. आवाज: खणखणीत व सुस्पष्ट. वरिष्ठांचा शेरा: सदर कर्मचाऱ्याच्या घोषणेनंतर प्रवाशांनी पुन्हा चौकशी केल्याचे आढळून आलेले नाही.

शेरा खरा होता. स्टँडवर रसवंतीची घुंगरं, रिक्षावाले आणि मागे घेतल्या जाणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्या यांचा मिळून जो काही कल्लोळ असतो, त्याच्यावरून महेंद्रचं ‘न्हावरामार्गे निमोणे’ असं तरंगत यायचं, की रस्त्यापलीकडच्या दुकानातली बाई हातातलं ब्लाऊजपीस तसंच टाकून पिशव्या उचलायची. मध्यंतरी माईक आठवडाभर बिघडला होता. तो बिघडला होता हे लोकांना दुरुस्तीवाला आल्यावर कळलं.

घरी मात्र तो हा आवाज आणत नसे. दिवसभर बोलून झालेलं असायचं. लग्नाआधी बघायच्या कार्यक्रमात तर तो इतका गप्प होता, की राजश्रीच्या आईने, म्हणजे कुशाबाईने, मध्यस्थाला बाजूला घेऊन विचारलं होतं, “पोराला बोलता येतं नव्हं?” महेंद्र तेव्हा कंडक्टर होता. मध्यस्थाने कुशाबाईला तिकीट काढून त्याच्या गाडीतून चौफुल्यापर्यंत फिरवून आणलं. ती खाली उतरली ती होकार देऊनच.

यंदा गणपतीच्या गर्दीत तो आवाज बसला. बसला तो उठेना. राजश्रीने ज्येष्ठमध, हळद-दूध, मिठाच्या गुळण्या असा घरगुती दवाखाना चालवून पाहिला. दसराही गेला. मग एक दिवस महेंद्र ‘ट्रेनिंग आहे’ असं सांगून पुण्याला घशाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने त्याच्या नाकातून एक बारीक नळी आत सोडली आणि समोरच्या पडद्यावर त्याला त्याचाच घसा दाखवला. माणसाने स्वतःला इतकं आतून बघू नये, असं महेंद्रला वाटलं.

“स्वरतंतूवर गाठ आहे,” डॉक्टर म्हणाला. “काढून तपासायला पाठवू. आत्ताच घाबरायचं कारण नाही. ऑपरेशनपर्यंत बोलणं पूर्ण बंद. कुजबुजायचं तर मुळीच नाही. लोकांना वाटतं त्याने आराम पडतो. उलट जास्त ताण येतो.”

‘गाठ’ हा शब्द महेंद्रने कसाबसा गिळला. तो अडकला ‘आत्ताच’पाशी. म्हणजे नंतर घाबरायचं का, हे विचारायला तो तोंड उघडणार होता, पण बोलणं त्या क्षणापासूनच बंद झालेलं होतं.

महेंद्रचे वडील घशाच्याच आजाराने गेले. त्यांच्या वेळीही सुरुवातीला घाबरायचं कारण नव्हतं. राजश्री तेव्हा नवी सून होती. शेवटी शेवटी आबांना ती चमच्याने पाणी पाजायची, आणि ते पाणी खाली उतरतं की नाही हे त्यांच्या गळ्याकडे बघत बसायची. तिच्यापुढं परत तो शब्द काढायचा, हे महेंद्रला जमेना. ऑपरेशन सुट्टीनंतरच्या सोमवारी ठरलं. त्याने सुट्टीत सांगायचं ठरवलं. सुट्टी लागल्यावर, सुट्टीच्या शेवटी सांगायचं ठरवलं.

ओव्हाळांच्या घरात दिवाळी करत नाहीत. दिवाळीची सुट्टी मात्र पूर्ण करतात. दरवर्षीप्रमाणे महेंद्र, राजश्री आणि त्यांची मुलगी गौतमी वरवंडला राजश्रीच्या माहेरी आले. महेंद्रने आल्या आल्या गळ्याला हात लावून घसा बसल्याची खूण केली, मोबाईल बंद करून कपड्यांच्या पिशवीत तळाला ठेवला, कारण त्यावर पुण्याहून दवाखान्याचा फोन कधीही येऊ शकत होता, आणि ओट्यावर जाऊन बसला.

सासुरवाडीला गप्प बसलेला जावई म्हणजे रुसलेला जावई. आपल्या भागात याला दुसरा अर्थ नाही.

“पाव्हणं, लाडू घ्या की आजून एक,” कुशाबाई म्हणाली.

महेंद्रने हातानेच नको म्हटलं.

“शर्टाचं कापड पसंत पडलं न्हाई का?”

त्याने मान हलवून पडलं म्हटलं. पण पसंत पडलेलं कापड माणूस तोंडाने सांगतो.

“अगं आई, घसा बसलाय त्यांचा,” राजश्री म्हणाली.

“घसा बसल्यावर मानूस हसत बी न्हाई व्हय? तुझा थोरला मामा रुसला तवा त्येचाबी घसाच बसला हुता. पोरीच्या लग्नापातूर बसला हुता.”

राजश्रीचा भाऊ नवनाथ यानेही आपल्या परीने तपास केला. गेल्या वर्षी दाजींना घ्यायला स्टँडवर मोटारसायकल पाठवायच्या ऐवजी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उसाच्या वाढ्यावर बसवून आणलं होतं, त्याचा राग असावा, असा त्याचा निष्कर्ष निघाला. तो दाजींच्या शेजारी बसून पुन्हा पुन्हा म्हणू लागला, “दाजी, त्या येळंला गाडीत पेट्रोलच नव्हतं हो.”

महेंद्र हसायचा प्रयत्न करत होता. मध्येच आवंढा गिळून बघत होता. गिळताना काही लागतं का, काल लागत होतं त्यापेक्षा जास्त लागतं का, की काल तिकडे लक्ष नव्हतं. आवंढा गिळणारा जावई तर आणखीच दुखावलेला दिसतो.

चालत जायची कल्पना गौतमीची. ती अकरावीला होती. तिने मोबाईलवर परदेशातले काही व्हिडिओ पाहिले होते. त्यात माणसं रीतसर सुट्टी काढून, पाठीला पिशव्या अडकवून, शेतांच्या कडेच्या पाऊलवाटांनी एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात नुसतीच चालत जात होती. कुणाचं कुठं काही काम नव्हतं. पोचल्यावर चहा पीत होती आणि पुढं चालायला लागत होती.

“आपण पाटसला मावशीकडे असंच जायचं,” ती म्हणाली.

“का गं? एसटी बंद हाय?” कुशाबाईने विचारलं.

“चालू आहे. पण चालत जायचं. मजा म्हणून.”

कुशाबाईने त्यावर विचार केला. “पाटसच्या बाजाराला मी डोक्यावर पाटी घिऊन त्याच वाटंनं जात हुते. मजा कवा आली ते काय ध्यानात न्हाई.”

महेंद्रला कल्पना पटली. पाऊलवाटेवर माणसं एकामागं एक चालतात. पुढच्याची पाठ बघायची. बोलावं लागत नाही. त्याने जोराजोरात मान डोलावली. रुसलेला जावई कशाला तरी हो म्हणतोय हे बघून बेत जागच्या जागी पक्का झाला. कुशाबाईला धाकट्या लेकीकडे जायचंच होतं आणि वाटही तिलाच ठाऊक होती. ती पुढं राहणार होती.

निघताना नवनाथ काठी घेऊन आला. काठीच्या टोकाला बैलाच्या गळ्यातली घुंगरं बांधलेली होती. त्याची पाण्याची पाळी होती, म्हणून त्याला येता येणार नव्हतं.

“ही काठी मागच्या मानसानं आपटत चालायचं,” तो म्हणाला. “पोरीला मधी घ्या. कॅनॉलच्या पलीकडं सगळा ऊस हाय, आन् मागल्या आठवड्यात वाघाचं ठसं निघाल्यात तिकडं. आता तिकडनं कुणी मुक्यानं जात न्हाई. मोठ्यानं बोलत चला. मानसाची चाहूल लागली की त्यो आपला आपुन बाजूला हुतो. आन् दाजी, तुमचा आवाज तर एक नंबर. तुम्ही नुसतं ‘दौंड, दौंड’ करत चला, वाघ बारामतीला जाईल.”

सगळे हसले. महेंद्रने काठी हातात घेतली. न बोलता चालता येईल म्हणून निवडलेली वाट मोठ्यानं बोलल्याशिवाय चालता येत नव्हती, ही माहिती त्याला बूट घातल्यावर मिळाली.

कॅनॉलच्या भरावावर तशी भीती नव्हती. वाट रुंद, ऊन कोवळं, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला काढणीला आलेली बाजरी. गौतमी आज्जीच्या चालण्याचा, आईच्या चालण्याचा, स्वतःच्या बुटांचा व्हिडिओ घेत होती. भराव संपतो तिथं एक फलक होता: ‘बिबट प्रवण क्षेत्र. एकट्याने फिरू नये. मोठ्याने बोलावे अथवा गाणी वाजवावीत. लहान मुलांवर लक्ष ठेवावे.’ महेंद्रला असला मजकूर वाचायची सवय. त्याने तो परत एकदा वाचला. मोठ्याने बोलण्यातून कुणाला सूट दिलेली नव्हती.

फलकापासून वाट उसात शिरली. ही वाट म्हणजे दोन भावांच्या शेतांमधला बांध. कुशाबाईच्या तरुणपणी त्यावरून बैलगाडी जायची. पुढं भाऊ वेगळे झाले आणि दर नांगरटीला दोन्हीकडून बांध थोडा थोडा कोरला गेला. आता त्यावर एका माणसापुरती जागा उरली आहे, तीही पाऊल जपून टाकणाऱ्या. दोन्ही अंगांना तोडीला आलेला ऊस, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर गेलेला; पाती वर एकमेकांत अडकलेली. आत गेल्यावर ऊन संपलं. पुढचं दिसत नव्हतं, बाजूचं तर नाहीच. दिसत होता तो फक्त पुढच्या माणसाचा पाठमोरा पदर.

गौतमीने मोबाईलवर गाणी लावली.

“असल्या गान्यानं वाघ पळायचा न्हाई, नाचाय यील,” कुशाबाई पुढून ओरडली.

वाघाची आवड कळायच्या आत गाणी बंद पडली. सकाळपासून व्हिडिओ काढून बॅटरी संपली होती.

“मम्मी, तुझा दे.”

“माझा चार्जिंगला राहिला. पप्पांचा घे.”

महेंद्रने रिकामा खिसा दाखवला.

“घरी ठेवला?” राजश्री चालता चालता मागं वळली. “तुम्ही? झोपताना उशाला लागतो तो?” महेंद्रने काठी जोरात आपटली. घुंगरं वाजली. राजश्रीने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि मग पुढं वळली, कारण मागं बघत त्या बांधावरून चालता येत नाही.

आता माणसांनाच बोलायचं होतं. कुशाबाईने सगळ्या नातेवाइकांची ख्यालीखुशाली वाघाला ऐकवली. राजश्रीने मीठ-मसाल्याचे भाव सांगितले, शेजारणीच्या सुनेचं सांगितलं. विषय संपले तसे तिने पाढे सुरू केले. तेराच्या पाढ्यात ती अडकली, गौतमीने पुढचा आकडा सांगितला, तोही चुकीचा निघाला.

“पाव्हणं, तुमी बी बोला की!” कुशाबाई म्हणाली. “आमच्यासंगं न्हाई तर न्हाई, वाघासंगं तरी बोला!”

महेंद्र काठी आपटत होता. प्रत्येक सळसळीला तो डावीकडे बघे, मग उजवीकडे, मग आवंढा गिळून आत बघे. उसात काही आहे की नाही, आणि घशात जे आहे ते काय आहे. दोन्ही गोष्टी हातभर अंतरावर होत्या आणि दोन्ही दिसत नव्हत्या. राजश्रीची पाठ त्याच्या पुढं चालली होती. इथंच सांगून टाकावं, ती मागं वळून बघणार नाही, तिचा चेहरा दिसणार नाही, असं त्याच्या मनात आलं. पण तिला ऐकू जाईल इतका आवाज नव्हता. निदान तसं कारण तरी होतं.

एके ठिकाणी पाइपच्या सांध्यातून पाणी गळून वाट चिखलाची झाली होती. गौतमीने आज्जीच्या बाजूने पुढं उडी मारली आणि वळणाच्या पलीकडे गेली. कुशाबाई लुगडं सावरत थांबली, खाली बघितलं, आणि तशीच थांबून राहिली. राजश्री येऊन वाकली. महेंद्रही वाकला.

चिखलात एक ठसा होता. गोल, रुंद, ताजा. कडेने पाणी अजून त्यात झिरपत होतं.

“कुत्र्याचं आसंल,” कुशाबाई म्हणाली.

कुत्र्याच्या ठशाला नखं उमटतात. इथं नखं नव्हती. हे तिघांनाही ठाऊक होतं, म्हणून तिघंही गप्प बसले, जे नेमकं करायचं नव्हतं.

“गौतमी?” राजश्रीने हाक मारली.

ओ आली नाही.

“गौतमेऽ!”

वारा सुटला होता. सगळा ऊस एकदम सळसळला आणि हाक त्यातच विरली. पलीकडे कुठंतरी ट्रॅक्टर धडधडत होता, तोही जवळ की लांब ते कळत नव्हतं. कुशाबाई चिखल तुडवत पुढं धावली, “गौतमे, ए पोरी” करत वळणाआड गेली. राजश्रीने परत हाक मारली. तिचा आवाज मध्येच चिरकला.

“अहो, तुम्ही मारा ना हाक! तुमची हाक ती कुठूनही ऐकते!”

महेंद्रने तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर पडली. त्याने छाती भरून घेतली, मान ताणली, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. घरघर आली. रस्त्यापलीकडच्या दुकानातून माणसं उठवणारा माणूस एका उसाच्या वळणापलीकडे आपल्या मुलीचं नाव पोचवू शकत नव्हता.

राजश्री त्याच्या गळ्याकडे बघत होती. असं बघायची तिला जुनी सवय होती.

“हा बसलेला घसा नाही,” ती म्हणाली.

मग ती वळली आणि पळायला लागली, तो तिच्या मागोमाग, आणि पळता पळताच, बांधावर तोल सावरत, मान मागं न वळवता तिने विचारलं, “डॉक्टरला दाखवलं? गौतमीऽ! दाखवलं का सांगा!”

“हो,” तो मागून कुजबुजला.

“कधी? गौतमे, ओ दे! कधी दाखवलं?”

“दसऱ्यानंतर.”

“ट्रेनिंगला म्हणून गेलात ते? गौतमीऽ! काय म्हणाला डॉक्टर?”

महेंद्रने सांगितलं. उसाच्या सळसळीत तिला ते ऐकू गेलं नाही.

“मोठ्यानं सांगा!”

मोठ्यानं सांगता आलं असतं तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं. त्याने धावता धावता तिच्या मानेशी तोंड नेलं आणि डॉक्टरने मुळीच करू नको म्हटलेल्या पद्धतीने पुन्हा सांगितलं.

“गाठ?” राजश्री ओरडली. त्याच वेळी पलीकडचा ट्रॅक्टर बंद झाला. “घशात गाठ? आबांच्यासारखी?”

“अजून तपासायची आहे.”

“कवा?” दोन दशकं शिरूरात राहून कमावलेली भाषा तिने तिथं टाकून दिली. “कवा तपासायची?”

“सोमवारी. ऑपरेशन.”

“या सोमवारी ऑपरेशन हाय आन् तुमी मला आज सांगताय? लाडू खात बसला हुता माझ्या आईचं! मला काय वाटलं असंल, कुनाला इचारायचं मी, कसं—गौतमे, अगं ओ दे की गं बाई!”

तेव्हा उसाच्या आतून, अगदी कानाशी, एका बाईचा आवाज आला.

“ओ ताई, पोरगी हितं हाय. च्या पितीया. तुमचं चालू द्या.”

राजश्री जागीच थांबली आणि महेंद्र मागून तिच्यावर आदळला. उजव्या हाताला ऊस काही सऱ्यांपुरताच उरला होता. पलीकडून तो कापत आणलेला होता आणि ऊसतोडीची अख्खी टोळी तिथं, पाचटावर, न्याहारीला बसलेली होती. माणसं, बाया, ट्रॅक्टरवाला.  भाकरीचा घास हातात तसाच. उसात मोठ्यानं बोललं की वाघ बाजूला होतो, हे या भागात सगळ्यांना माहीत आहे. माणूस बाजूला होत नाही, तो कान देतो, हे धांदलीत कुणाच्या लक्षात राहत नाही.

गौतमी त्यांच्यामध्ये उभी होती. हातात चहाचा कप. वळणापलीकडे ऊस संपलेला दिसला म्हणून ती मोकळ्यात गेली होती. ट्रॅक्टर चालू असताना तिला एकही हाक ऐकू आली नव्हती. तो बंद झाल्यावर पहिला शब्द ऐकू आला तो ‘गाठ’. कुशाबाई तिच्याशेजारी पाचटावर बसली होती. तिने डोक्यावरचा पदर तोंडाला लावला होता.

“आमच्याकडं एकाला झालती आशीच,” हाक देणारी बाई म्हणाली. तिचं नाव म्हाळसा, पाटोद्याकडची. “ठणठणीत बरा झाला.”

“आन् त्यो दुसरा गं? त्या हौसरावचा—” तिचा नवरा म्हणाला.

“तुमी भाकरी खावा.”

गौतमी बापाजवळ आली. महेंद्रने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

“बोलू नका,” ती म्हणाली, आणि रडायला लागली.

कुशाबाईने पदर खाली घेतला. “म्हंजी पाव्हणं, तुमी रुसला नव्हता?”

महेंद्रने नाही म्हणून मान हलवली.

“मग कापड खरंच आवडलं हुतं?”

त्याने होकाराची मान हलवली. कुशाबाईला एकाच वेळी हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाज वाटली, आणि ती पुन्हा पदराआड गेली.

उरलेली वाट म्हाळसा आणि टोळीतल्या आणखी एका बाईने, हातात कोयते घेऊन, डांबरी दिसेपर्यंत सोबत केली. नवनाथने मधली जागा पोरीला नेमून दिली होती. आता ती महेंद्रला मिळाली. पुढच्या बाया बोलत होत्या, मागच्या बाया बोलत होत्या. काठी गौतमीकडे होती. राजश्री त्याच्या पुढं चालत होती, आणि बांधावरून चालता येत नसतानाही दर थोड्या पावलांनी मागं वळून त्याच्या गळ्याकडे बघत होती. वाघाकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं. तो असलाच तर सोमवारचं ऑपरेशन त्यालाही समजलं होतं.

पाटसला मावशीच्या अंगणात पोचेपर्यंत तिथं चार बायका जमलेल्या होत्या आणि हळदीचं दूध उकळलेलं होतं. ट्रॅक्टरवाल्याने कारखान्यावर कुणाला तरी फोन केला होता, तिथून मावशीच्या नवऱ्याला. “दाजी, एक शब्द बोलायचं न्हाई,” मावशीने दारातच बजावलं आणि लगेच विचारलं, “पन झालं कसं हो हे?”

वरवंडला सगळे एसटीने परतले. तिथून शिरूरला जाताना गाडीतच महेंद्रने पिशवीच्या तळाचा मोबाईल काढून चालू केला, तेव्हा त्यावर दवाखान्याचे फोन येऊन गेल्याचे मेसेज दिसत होते. ते राजश्रीने एकेक करून उघडले, दवाखान्याला उलट फोन लावला, आणि उपाशी कधीपासून राहायचं, किती वाजता यायचं, सोबत कोण लागेल, हे सगळं भर गाडीत उभ्याने विचारून घेतलं. मोठ्यानं. पुढच्या बाकावरच्या माणसाने उठून महेंद्रला जागा दिली.

सोमवारी गाठ काढली. तपासणीचं उत्तर यायला वेळ लागला. त्या दिवसांत ओव्हाळांच्या घरात भांडंसुद्धा कुणी आपटलं नाही. राजश्री दिवसा तो प्यायलेलं पाणी खाली उतरतं का ते बघायची, आणि रात्री उठून त्याच्या गळ्याकडे. आपण बघतोय हे त्याला कळू नये म्हणून ती दिवा लावत नसे, आणि तो झोपलेला नाही हे तिला कळू नये म्हणून तो कूस बदलत नसे.

उत्तर आलं. गाठ साधी होती. ओरडण्याची कामं करणाऱ्यांना होते, असं डॉक्टर म्हणाला. या वेळी त्याने ‘आत्ताच’ म्हटलं नाही. राजश्री दवाखान्याच्या जिन्यात बसली आणि बराच वेळ उठली नाही.

महेंद्रचा हुद्दा कायम आहे. महेंद्र बोलायला लागला की ऐकू यायला समोरच्याला अजूनही पुढं वाकावं लागतं.